कुळागराच्या वाटेने (७) : मोरचूद कोण मारतो?

धनेश पक्षी आणि रानजायफळाचं झाड यांचं लग्न या सदरात या आठवड्यात लावायचं ठरलं होतं. मुहूर्त पुढे ढकलतो. दापोलीच्या एका बागायतदारांचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवण्याजोगं नाही. ते विचारतात, ‘गोव्यातल्या फोंड्याच्या मसाल्याच्या बागा तुम्ही सेंद्रिय म्हणून आम्हाला फिरवून आणता. मग पोफळीवर मोरचूद मारतात, तो काय शेणखतात मोडतो?’

मारतात हे खरं. पावसाळ्यात कोळेरोग आला की हिरवी सुपारी कुजते आणि पोफळीखाली सडा पडतो. त्यावर सेंद्रिय बागेतही चालणारं एक जुनं औषध आहे, बोर्डो मिश्रण.

त्याची जन्मकथा मला फार आवडते. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरू रस्त्याकडेची द्राक्षं तोडून खात. म्हणून तिथले बागायतदार कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. निळसर डाग पाहून कोणी हात लावत नसे. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की केवड्याने सगळा मळा झडला, तरी या डागाळलेल्या वेली हिरव्या आहेत. 1885 साली त्याने हे औषध म्हणून जाहीर केलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या कॅनेडियन बुरशीतज्ज्ञाने कोळेरोगाचा अभ्यास केला आणि चोरांसाठी निघालेलं हे औषध पोफळीच्या शेंड्याला पोचलं.

एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. लोखंडी भांडं चालत नाही. मिश्रण झालं की कोयत्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला.

तरीही दापोलीकरांची शंका रास्तच आहे. मोरचुदातलं तांबं कुजत नाही. ते मातीत साठत जातं आणि गांडुळांना बाधतं. म्हणून सेंद्रिय नियमांत बोर्डोला परवानगी आहे, पण हात राखून. युरोपीय संघाने हेक्टरी सात वर्षांत 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. एक किलो मोरचुदात तांबं साधारण पाव किलो असतं. आपापल्या बागेचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मला खरा प्रश्न दिसतो तो मिश्रणाचा नाही, मारणाऱ्याचा. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे ऐन पावसात. बुंधे शेवाळलेले असतात. गडी एका पोफळीवर चढतो, शेंडा झुलवतो आणि वरच्या वर दुसरी पोफळ धरतो. प्रत्येक झाडाला उतरून चढायचं म्हटलं तर दिवस पुरणार नाही. हीच उडी डिसेंबरात कोरड्या बुंध्यावर पर्यटकांना करून दाखवतात. गवती चहाचा कप हातात धरून मंडळी टाळ्या वाजवतात आणि केळीच्या पानावर जेवायला जातात.

या पर्यटकांच्या तिकिटाच्या पैशावर कुळागर, म्हणजे पोफळीची ही मिश्र बाग, तगतं. पाहुण्यांना मिरी, जायफळ, वेलदोडा, अननस सगळं एकाच सावलीत बघायचं असतं. म्हणून मालकाला ही मिश्र बाग मोडून नुसती सुपारी लावण्याचा मोह होत नाही. पाट वाहते राहतात, झरीवरची झाडं शाबूत राहतात. पण टाळ्यांचा हंगाम उन्हाळ्याबरोबर संपतो आणि जिवावरचं काम त्यानंतर सुरू होतं. हिवाळ्यातल्या गल्ल्यातून पावसाळ्यातल्या गड्याची मजुरी आणि विमा निघत असेल, तरच त्या बागेने गावाला काही दिलं असं मी म्हणेन.

आता कार्बन फायबरची लांब काठी आली आहे. जमिनीवर उभं राहून तिने सुपारी उतरवता येते, औषधही मारता येतं. काठी महाग आहे आणि तिला टाळ्या पडत नाहीत. तरीही ती घेणारा मालक मला जास्त पर्यावरणप्रेमी वाटतो.

म्हणून फोंड्याला जाल तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी एवढं विचारा : श्रावणात वर कोण चढतो, आणि त्याला काय मिळतं? गडी समोरच असेल, त्यालाच विचारा. धनेश पुढच्या आठवड्यात, नक्की.