कंपवाताच्या संशोधनासाठी न्यूयॉर्कचा निधिसमारंभ

१९९१ साली, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, पार्किन्सनच्या व्याधीचे निदान झाल्यावर ते सात वर्षे गुप्त ठेवणारे अभिनेते मायकेल जे. फॉक्स यांनी २००० साली आपल्या नावाने जी संस्था स्थापन केली, तिच्या साहाय्यार्थ न्यूयॉर्क शहरात दरवर्षी विनोदवीरांचा व गायक-वादकांचा समारंभ भरतो, आणि त्यातून उभी राहणारी रक्कम संशोधनाच्या खाती जमा होते. या संस्थेच्या कारभारातील सर्वांत स्तुत्य तजवीज, माझ्या मते, ही की, कायम गंगाजळी साठवून तिच्या व्याजावर दीर्घायुषी होण्याचा विचार तिने वर्ज्य मानला असून, व्याधीवर उपाय सापडताच आपले प्रयोजन संपावे, हेच तिने उद्दिष्ट ठरविले आहे.

द्रव्याची निकड कशासाठी? मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा ऱ्हास हे या व्याधीचे मूळ; हातांचा कंप, स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींतील मांद्य दृष्टीस पडेपर्यंत त्यांतील पुष्कळशा पेशी नष्ट झालेल्या असतात, आणि लेव्होडोपा हे प्रमुख औषध लक्षणांना उतार देत असले तरी तो ऱ्हास थांबवू शकत नाही. म्हणूनच संस्थेने २०१० मध्ये आरंभिलेल्या प्रदीर्घ निरीक्षण-प्रकल्पातून, पाठीच्या कण्यातील द्रवात अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाचे विकृत रूप ओळखणाऱ्या चाचणीला २०२३ मध्ये जी पुष्टी मिळाली, तिचे मोल फार मोठे आहे.

घरातील वडीलधाऱ्यांचे अक्षर बारीक होत असेल, पावले आखूड पडत असतील, तर ती याच व्याधीची चाहूल असू शकते; ते वार्धक्याच्या माथी मारून स्वस्थ न बसता मेंदूविकारतज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा.