ताण्या-बाण्यावाचून

कपाट आवरताना परवा कोरोनाच्या काळातलं मास्कचं एक न फोडलेलं पाकीट सापडलं. त्यातला एक मास्क कडेनं कापला आणि तिन्ही थर टेबलावर वेगळे केले. बाहेरचा निळा आणि आतला पांढरा थर उजेडाकडे धरला की बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. तिथे तंतू उष्णतेनं दाबून एकमेकांना चिकटवलेले असतात. मधला थर बिनठिपक्यांचा, सायीसारखा मऊ. जरा ओढला की फाटतो. काडी जवळ नेली तर सुती कापडासारखा पेट घेण्याआधी आक्रसून वितळतो. मास्कचं खरं काम हाच थर करतो. त्यात ना ताणा आहे ना बाणा. तो कुठल्याच मागावर विणलेला नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट चटका लावणारी आहे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तेव्हापासून सायझिंग, बीम, कांड्या, जॉबर या मागाच्या शब्दांवरच गाव जगलं. आणि 2020 च्या मार्चमध्ये देश ज्या कापडासाठी तळमळत होता, ते मागावर निघणारच नव्हतं. तुटवड्यामुळे केंद्र सरकारला तीन पदरी मास्कची किंमत 10 रुपयांवर बांधावी लागली. ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारनं तोच मास्क 4 रुपयांना आणि एन-95 मास्क 19 ते 49 रुपयांना विकण्याची मर्यादा घातली.

या मधल्या थराला मेल्टब्लोन म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे वितळवायचे, तो रस बारीक भोकांच्या डायमधून दाबून बाहेर काढायचा आणि बाहेर पडताक्षणी त्यावर गरम हवेचा जोरदार झोत सोडायचा. रसाचे तंतू ओढले जाऊन एक ते पाच मायक्रॉनचे होतात आणि सरकत्या जाळीवर साठून त्यांचं कापड बनतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज यावा.

पण नुसत्या बारीक तंतूंनी भागत नाही. थर दाट केला तर श्वास कोंडतो, विरळ ठेवला तर कण आत जातात. त्यावरचा तोडगा म्हणजे कापडाला दीर्घकाळ टिकणारा विद्युतभार देणं. प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आपण लहानपणी खेळलो आहोत. मास्कमध्ये तेच तत्त्व आहे. कण तंतूंच्या दिशेनं ओढला जातो आणि तिथेच चिकटतो. म्हणूनच असा मास्क साबणानं धुतला किंवा त्यावर अल्कोहोल फवारलं की त्याची ताकद जाते, दिसायला मात्र तो तसाच राहतो.

हे ज्ञान पेटंटच्या कागदांतून पायरीपायरीनं उलगडत गेलेलं दिसतं. अमेरिकेत लुईस हॅसलेट यांना 1849 मध्ये धुळीपासून फुप्फुसं वाचवणाऱ्या उपकरणाचं पेटंट मिळालं. ओलसर लोकरीसारख्या गाळणीतून श्वास घ्यायचा, अशी ती रचना होती. पुढे 1950 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत व्हॅन वेंटे यांनी गरम हवेच्या झोतानं अतिसूक्ष्म तंतू काढून दाखवले. 1980 मध्ये थ्रीएम कंपनीच्या कुबिक आणि डेव्हिस यांना विद्युतभारित मेल्टब्लोनचं पेटंट मिळालं. मूळचे तैवानचे आणि टेनेसी विद्यापीठात काम करणारे पीटर त्साय यांनी अशा कापडाला भार देण्याची सुधारित पद्धत शोधली. तिचं पेटंट 1995 चं आहे.

पेटंटची मुदत साधारण 20 वर्षांची. म्हणजे कोरोना आला तेव्हा या मूळ पेटंटांची मुदत संपून गेली होती आणि कृती कुणालाही वाचायला खुली होती. तरीही कापड मिळेना, कारण अडचण डायची होती. मिलिमीटरच्या तीन-चार दशांशाची भोकं, एका ओळीत, इंचाला तीसएक, सगळी सारख्या मापाची. एखादं भोक जरी वेडंवाकडं निघालं तर कापडाच्या त्या पट्ट्यात गाठी पडतात. ते कसब पेटंटच्या कागदावर पुरतं उतरत नाही, ते यंत्रावर उभं राहणाऱ्या माणसाच्या हातात असतं. आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत असे हात आहेत, हे मी अभिमानानं सांगतो.

2020 पासून जगभर मास्कच्या पेटंट-अर्जांची लाट आली. भारतात अर्ज साधारणपणे 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्यामुळे ती लाट इथल्या नोंदींत उशिरा दिसली. नव्या अर्जांचा रोख बदललेला आहे. विषाणू मारणारा लेप, पुन्हा वापरता येणारी गाळणी, ओठ दिसावेत म्हणून पारदर्शक खिडकी, मातीत विरघळणारं कापड, कानाची दोरी आपोआप जोडणारी यंत्रं, असे विषय त्यात येतात. पुण्याच्या थिंक्र टेक्नॉलॉजीज या नवउद्योगानं थ्रीडी प्रिंटिंग आणि सोडियम ओलेफिन सल्फोनेटचा विषाणूरोधक लेप यांचा मेळ घालून मास्क बनवला आणि पेटंटसाठी अर्ज केला. केंद्राच्या तंत्रज्ञान विकास मंडळानं त्याला 2020 मध्येच अर्थसाहाय्य दिलं.

आपल्या जिल्ह्यात तर पाया तयारच आहे. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या योजनेतून न विणलेल्या कापडाचं उत्कृष्टता केंद्र उभं राहिलं आहे. मास्कची गरजही साथीपुरती नाही. मागाच्या शेडमध्ये हवेत कापसाचं तूस तरंगत असतं, फौंड्रीत वाळूची बारीक धूळ. एकातून बिसिनोसिस, दुसऱ्यातून सिलिकोसिस, असे फुप्फुसांचे आजार होतात. दोन्ही ठिकाणी आजही नाकावर टॉवेल बांधून काम करणारे कामगार दिसतात, आणि वाळूची सूक्ष्म धूळ टॉवेलनं अडत नाही. भट्टीच्या उकाड्यात घामानं न भिजणारा आणि आठ तास सोसवेल असा मास्क बनवणं, हा इथल्या माणसानं इथेच सोडवायचा प्रश्न आहे. त्याच्यावर पहिला हक्क आपला आहे.

एक अडचण मात्र कायद्याची आहे. चीनमध्ये छोट्या सुधारणेसाठी 10 वर्षांचं ‘युटिलिटी मॉडेल’ मिळतं. भारतात तशी सोय नाही. इथे पूर्ण पेटंटच्या कसोटीला उतरावं लागतं किंवा आकारापुरती डिझाइनची नोंदणी करावी लागते. छोट्या कारखानदारासाठी तशी सोय व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर आहे त्या वाटेनं जावं. एकट्या माणसाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क 1600 रुपये आहे. तात्पुरता अर्ज दाखल केला की संपूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. आपल्या भागाचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. कारखान्यात काही नवं सुचलं असेल तर ते प्रदर्शनात मांडण्याआधी, व्हॉट्सअॅपवर टाकण्याआधी अर्ज करा. एकदा जगजाहीर झालेल्या गोष्टीवर पेटंट मिळवणं फार अवघड असतं.