काटा काय सांगत नाही?

वजनाचा काटा केवळ भार दाखवितो. त्यात चरबी किती व स्नायू किती, हे तो सांगत नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा उंचीच्या मानाने काढलेला वजनाचा अंक एकच, २२.३, होता, परंतु २००४ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के आहे. उपासमारीने स्थूल माणसाची मुख्यतः चरबी घटते. कृश माणसाचा तो साठाच तोकडा, म्हणून त्याचे स्नायूही बरेच झिजतात. पुढे वजन वाढताना चरबी स्नायूंच्या आधी परतते. तेव्हा सडपातळ मुलामुलींनी उपाशी राहू नये. डाळ-भाकरी पोटभर खावी आणि इच्छादेवीच्या पायऱ्या नित्य चढाव्यात.