नाविक आणि दरकदार

इंदरगंज चौकातून महाराज बाड्याकडे निघताना आपण फोनवर नकाशा उघडतो. आपली जागा दाखवणारा तो ठिपका घड्याळांच्या भरवशावर असतो. उपग्रहाचा संदेश किती वेळात पोहोचला, यावरून अंतर काढतात. वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकली, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणून प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ बसवतात. आणि जागा नेमकी कळायला निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात.

परदेशी यंत्रणेवर विसंबून राहायला नको, म्हणून केंद्र सरकारने २००६ साली स्वदेशी यंत्रणेला मंजुरी दिली. खर्च १,४२० कोटी रुपये. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये, तर सातवा एप्रिल २०१६ मध्ये गेला आणि यंत्रणेला ‘नाविक’ हे नाव मिळाले. पुढे पहिल्या उपग्रहातली तिन्ही आयात घड्याळे बंद पडली. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये सोडलेला उपग्रह उष्णतारोधक कवचातच अडकला. जानेवारी २०२५ मध्ये गेलेला उपग्रहही ठरलेल्या कक्षेत पोहोचला नाही.

जुलै २०२५ मध्ये सरकारने लोकसभेत हिशेब मांडला. तेव्हा ११ उपग्रहांपैकी चार जागा सांगत होते, चार केवळ एकतर्फी संदेश पाठवत होते, एक निवृत्त झाला होता आणि दोन ठरलेल्या कक्षेत पोहोचलेच नव्हते. लागतात निदान चार आणि तेव्हा होतेही चारच. राखीव एकही नव्हता. आपला फोन इतर देशांच्या उपग्रहांचे संदेशही घेतो, त्यामुळे ही उणीव आपल्याला जाणवत नाही. देखरेखीची गरज आहे ती नेमकी इथेच.

अवकाश विभाग थेट प्रधानमंत्र्यांकडे असतो. पैसा मंत्रिमंडळ मंजूर करते, हिशेब महालेखापरीक्षक तपासतात, प्रश्न संसद विचारते. युरोपात ‘गॅलिलिओ’ची उभारणी चालू असतानाच, २००९ साली, तिथल्या लेखापरीक्षकांनी व्यवस्थापनातले दोष छापील अहवालात मांडले. त्यामुळे काम थांबले नाही; आज ती यंत्रणा जगभर वापरात आहे.

ही रीत आपल्याला परकी नाही. मराठा राज्यकारभारात मामलतदाराजवळ दरकदार असत. त्यांना काढण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता आणि त्यांच्या सहीशिवाय त्याचा हिशेब पुरा होत नसे. दरकदार म्हणजे मामलतदाराचा वैरी नव्हे, राज्याच्या वतीने पाहणारा डोळा. अवकाशात घड्याळ बंद पडणे हा शास्त्रज्ञांचा गुन्हा नव्हे. पण बदली उपग्रह केव्हा तयार होणार, हे वेळेवर विचारणे मात्र राज्यकर्त्यांचे काम आहे. आणि त्यांनी ते विचारले का, हे पाहणे आपले.