आडवे झालेले छायाचित्र

धार येथील लाट मशीद दिलावरखानाने १४०५ साली बांधली. तिच्याजवळ लोखंडाचा प्राचीन स्तंभ तीन तुकड्यांत आडवा पडलेला आहे. मशिदीस नाव मिळाले ते या स्तंभावरूनच. आता कोणी त्याचे छायाचित्र मोबाइलवर काढून ई-मेलने परगावी धाडले, आणि तेथे ते एका अंगावर कललेले उघडले, तर ज्याने स्तंभ पाहिलेला नाही त्यास तो ताठ उभा वाटेल! देवासची टेकडी कलली तर निदान चूक तत्काळ ध्यानात येते.

असे का घडते? मोबाइल उभा धरला तरी कॅमेऱ्याच्या आतील प्रकाशग्राही पट्टी चित्र आडवेच टिपते. फोन कसा धरला आहे हे गुरुत्वाकर्षणावरून ओळखणारे एक लहानसे यंत्र आत असते. त्याच्या सांगण्यावरून चित्रासोबत एक आकडा लिहिला जातो : १ म्हणजे सरळ, ३ म्हणजे उलटे, ६ किंवा ८ म्हणजे काटकोनात फिरवून दाखवावे. हा आकडा पाळणारा संगणक चित्र सरळ दाखवितो. न पाळणारा जसेच्या तसे, आडवे दाखवितो. म्हणून धाडणाऱ्याच्या फोनवर सर्व नीट दिसते आणि घोटाळा उमगतो तो फक्त घेणाऱ्यास.

बाप्तिस्म्याच्या वा विवाहाच्या दाखल्याचे चित्र घेताना तर विशेष जपावे. कागद टेबलावर ठेवून फोन त्यावर सपाट धरला म्हणजे वरची बाजू कोणती हे त्या यंत्रासही कळत नाही, आणि आकडाच चुकीचा पडतो. दाखला भिंतीला टेकवून उभा ठेवावा व फोनही उभा धरावा. अथवा फोनमधील स्कॅनची सोय वापरून त्याची पीडीएफ करावी.

चित्र आधीच काढलेले असेल, तर ते फोनच्या पडद्यावर सरळ करून पडद्याचेच चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, घ्यावा. हे नवे चित्र मुळातच सरळ असते. त्यास फिरविण्याच्या आकड्याची गरज उरत नाही. मात्र बारीक अक्षरे त्यात थोडी पुसट होण्याचा संभव असल्याने दाखल्यासाठी पीडीएफच बरी.

शेवटी एक साधी सवय लावून घ्यावी. महत्त्वाचे चित्र प्रथम स्वतःच्याच पत्त्यावर धाडावे आणि शक्य तर दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावे. दूरच्या आजीआजोबांना नातवंडाचे मुख पाहण्यासाठी मान वाकडी करावी लागू नये, एवढी काळजी धाडणाऱ्याने घ्यावयासच हवी.