बिबट्याच्या भीतीने शाळेची वेळ बदलली. पण घरापर्यंतच्या वाटेचं काय?

जुन्नर, आंबेगाव : दप्तर घेतलं, डबा घेतला, सोबतीला कोण? ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यात दोन मुलं होती. त्यानंतर बिबटप्रवण भागातील शाळांची वेळ सकाळी ९.३० ते दुपारी ४ अशी करण्यात आली.

हीच वेळ का? बिबट्या प्रामुख्याने संध्याकाळ ते पहाट शिकारीला निघतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चारला सुटलेली मुलं उजेडातच घरी पोहोचू शकतात.

खरी अडचण वाटेत आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर इथे ऊस वाढला. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या या उसात बिबट्याची मादी पिल्लं वाढवते आणि वस्त्याही त्याच उसाला लागून आहेत. म्हणून एकटं जायचं नाही, मोठ्याने बोलत चालायचं, वाटेत खाली बसायचं नाही. बसलेलं मूल बिबट्याला लहान भक्ष्य वाटू शकतं. वर्गात 'गप्प बसा', वाटेत मात्र गलका करा, असा हा उलटा धडा!

घरी पोहोचल्यावरही घोर संपत नाही. शेतीपंपाला रात्रीची वीज आली की वडील दारं धरायला शिवारात आणि मुलं घरी. 'दिवसा वीज द्या' या शेतकऱ्यांच्या जुन्या मागणीत आता मुलांची काळजीही मिसळली आहे.