पॅकिंगला सिलिकॉन लावायचं की नाही?

साताऱ्यात माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, मागे दोन गाड्या उभ्या राहतील एवढं गॅरेज. सांगलीत नवीन गॅरेज टाकणाऱ्या मुलांची बॅच घेतो, तिथे हमखास एक प्रश्न येतो. "सर, नवीन पॅकिंग बसवतोच आहे, तर सेफ्टीला वरून सिलिकॉन लावलं तर बिघडलं कुठं?"

कुठं बिघडतं ते मी पैसे भरून शिकलोय.

दुकानाचं पहिलंच वर्ष. एका टुरिस्ट गाडीचं ऑइल चेंबर गळत होतं. मिस्त्रीने नवीन पॅकिंग घातलं आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापलं. मी शेजारीच उभा होतो, काही बोललो नाही. संध्याकाळी गाडी दिली, गळती बंद, गिऱ्हाईक खूश. तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. ड्रायव्हर म्हणाला, घाट चढून थांबू. चढेपर्यंत इंजिनाचा खडखडाट सुरू झाला होता. खोललं तर ऑइल पंपाच्या जाळीवर सिलिकॉनचे तुकडे, शेवयांसारखे. बेअरिंग गेली, क्रँक गेला. बिल अर्थातच माझ्या गल्ल्यातून.

बोल्ट आवळल्यावर सिलिकॉन दोन्हीकडे दबून निघतं. बाहेर आलेलं आपण बोटाने पुसतो. आत आलेलं कोण पुसणार? ते सुकून लोंबतं, तुटतं आणि ऑइलबरोबर जाळीपर्यंत जातं.

जुने मिस्त्री चुकीचे नव्हते बरं का. आपल्याकडे शेताशेतावर कूपरची, किर्लोस्करांची डिझेल इंजिनं चालायची. कागदी पॅकिंगला काहीतरी चोपडूनच बसवायचं, तो हात तिथला. आजच्या गाडीत प्रत्येक जोडाचा हिशोब वेगळा आहे.

हेड गॅस्केट कोरडंच बसवा. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये एखाद्या कोपऱ्यात लावायला सांगितलं असेल तर तेवढंच. इथे स्फोटाचा दाब असतो, सिलिकॉन तो धरत नाही. उलट पाण्याची, ऑइलची भोकं बुजवतं. हेड गॅस्केट परत परत जात असेल तर हेडला बाक आलाय का ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने बघा, आणि टॉर्क पाना वापरा. ट्यूबने बाक सरळ होत नाही!

टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंगही कोरडं. टायमिंग कव्हर आणि हेड जिथे भेटतात त्या सांध्यावर फक्त एक थेंब. पूर्ण रबराला लावलं तर आवळताना ते घसरून बाहेर येतं.

बऱ्याच नव्या गाड्यांच्या चेंबरला मात्र पॅकिंगच नसतं, तिथे सिलिकॉन हेच पॅकिंग. दोन्ही फेस ऑइल न राहता पुसायचे, साधारण 2-3 मिमीची सलग धार सोडायची, बोल्टच्या भोकाला आतल्या बाजूने वळसा घालायचा. पेट्रोल गाडी असेल तर ट्यूबवर 'सेन्सर सेफ' लिहिलेलं बघा, नाहीतर वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होऊ शकतो.

अॅनएरोबिक नावाची दुसरी ट्यूब येते. ती हवा नसेल तिथेच सुकते, म्हणून मशीन केलेल्या जाड, सपाट फेसला चालते. पत्र्याच्या चेंबरला नाही.

आता धंद्याचं बोलू. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं, पूर्ण पकडायला बऱ्याच ट्यूबना 24 तास लागतात. नेमका वेळ ट्यूबवर छापलेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, आजच पाहिजे." मी आता गाडी आत घेतानाच जॉब कार्डवर दुसऱ्या दिवशीची वेळ लिहितो आणि गाडी उभी राहण्याचं भाडं मजुरीत धरतो. दोन-चार गिऱ्हाइकं यामुळे शेजारच्या गॅरेजला गेली, खोटं कशाला बोलू.

आणि काउंटरवर कोणी पॅकिंग सेटबरोबर ट्यूब मागितली की पोरगा आधी विचारतो, "कुठल्या जोडाला?" हेड गॅस्केटला म्हणाला, तर ट्यूब परत कपाटात.